मेटी समाज, जमिनीची मोजणी आणि रेल्वे : खानदेशातल्या वर्गात हा विषय कसा शिकवावा

कॅनडातील मेटी समाजावर पश्चिमेकडच्या वसाहतीचा आणि रेल्वेबांधणीचा काय परिणाम झाला, हा विषय ज्यांना महाविद्यालयात, शाळेच्या वरच्या इयत्तांत किंवा गावातल्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात मांडायचा आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. मी हा विषय जळगाव जिल्ह्यात अनेक वर्षे शिकवला. पहिल्या वर्षी सुरुवात रेल्वेपासून केली आणि ती चूक ठरली. भुसावळकडच्या कितीतरी मुलांसाठी रेल्वे म्हणजे वडिलांची नोकरी, क्वार्टरचे घर आणि पाळीच्या वेळांनी चालणारे स्वयंपाकघर. त्यामुळे रेल्वेने कोणाचे तरी नुकसान केले, हे वाक्य ऐकताच अर्धा वर्ग मनातून दूर गेला. पुढच्या वर्षी मी क्रम बदलला. आधी जमिनीचा आकार, मग मोजणीची साखळी, मग कागद आणि सर्वांत शेवटी रूळ. घटनांचा खरा क्रमही हाच आहे, कारण कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे काम मैदानी प्रदेशात जोरात सुरू झाले, तेव्हा मॅनिटोबा प्रांतातील मेटींच्या हातची बरीचशी जमीन निसटून गेली होती.

विषयाला किमान तीन तासिका ठेवाव्यात. पहिल्या तासिकेत हा समाज कोण, एवढेच सांगावे आणि त्यात घाई करू नये. फ्रेंच आणि स्कॉटिश फर व्यापारी व त्यांचे कामगार आणि क्री, ओजिब्वे अशा आदिवासी समाजांतील स्त्रिया यांच्या संसारांतून अठराव्या शतकापासून एक नवा समाज उभा राहिला. त्याला नुसते ‘मिश्रवंशीय’ म्हणून पुढे जाऊ नये. त्या शब्दाने तो कशाकशाचे मिश्रण आहे एवढेच कळते, तो स्वतः काय आहे हे कळत नाही. मेटींची स्वतःची मिशिफ भाषा आहे, जिच्यात नामे बहुतेक फ्रेंचची आणि क्रियापदे क्रीची असतात. मराठी आणि गुजरातीच्या सीमेवर वाढलेल्या अहिराणीचा कान असलेल्या मुलांना ही गोष्ट पटकन उमगते. मात्र मिशिफची वीण अहिराणीपेक्षा फार वेगळी आहे, हेही त्याच वेळी सांगावे.

त्यांच्या शिस्तीचे एक उदाहरण जरूर द्यावे. १८४० मध्ये आजच्या मॅनिटोबातील रेड नदीकाठच्या वस्तीतून बायसनच्या, म्हणजे तिकडच्या रानगव्यांच्या, शिकारीला जो तांडा निघाला, त्यात १,२१० गाड्या आणि १,६३० माणसे होती, व त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. या तांड्याने दहा कप्तान निवडले आणि नियम ठरवले. रविवारी शिकार करायची नाही आणि सर्वांना हुकूम मिळण्याआधी कोणी एकट्याने कळपावर घोडा घालायचा नाही, असे ते नियम होते. मारलेल्या जनावरांचे मांस वाळवून, कुटून, चरबीत कालवून पेमिकन नावाचे टिकाऊ अन्न केले जाई आणि फर व्यापाराची सारी नौकानयन व्यवस्था त्यावर चाले. हा समाज भटका आणि अव्यवस्थित होता, असे पुढे सरकारी कागदांत सुचवले गेले; ते वाचण्याआधी मुलांसमोर हे आकडे असायला हवेत.

यानंतर गाडीबद्दल बोलावे. माझ्या अनुभवात वर्ग जिथे पहिल्यांदा पुढे सरकून बसतो ती जागा हीच. रेड रिव्हर गाडी दोन मोठ्या चाकांची, एकाच बैलाने किंवा घोड्याने ओढायची आणि संपूर्ण लाकडाची होती. तिच्यात लोखंडाचा खिळासुद्धा नसे. मुलांना विचारावे की आपल्या बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव का बसवतात आणि आसाला वंगण का देतात. उत्तर त्यांना ठाऊक असते. मग सांगावे की त्या गवताळ मैदानात लोहार नव्हता, म्हणून मोडलेला भाग वाटेतल्या झाडाच्या लाकडातून घडवता येईल अशी ही गाडी होती. सांधे ओल्या चामड्याच्या पट्ट्यांनी आवळले जात आणि ते चामडे वाळले की लोखंडासारखे घट्ट बसे. वंगण दिले तर उडणारी धूळ त्यात बसून आस झिजे, म्हणून आस कोरडाच ठेवत. त्यामुळे गाड्यांचा करकर आवाज फार दुरून ऐकू येई. अशा गाड्यांचे तांडे दक्षिणेला अमेरिकेतील सेंट पॉलपर्यंत कातडी नेत आणि परतताना किराणा, कापड, अवजारे आणत. हा भाड्याचा धंदा मेटी कुटुंबांच्या मिळकतीचा मोठा आधार होता. ही गाडी फळ्यावर काढून ठेवावी आणि शेवटच्या तासिकेपर्यंत पुसू नये.

दुसऱ्या तासिकेत जमीन. त्यासाठी साहित्य थोडेच लागते : एक मोठा पांढरा कागद, एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद, दोन रंगांचे पेन आणि पट्टी. पांढऱ्या कागदावर एक वळणदार नदी काढावी. मुले तिला तापी म्हणतात, म्हणू द्यावे. नदीच्या दोन्ही काठांपासून आत जाणाऱ्या अरुंद, लांबलचक पट्ट्या आखाव्यात. मेटींची शेते अशीच होती. प्रत्येक कुटुंबाला नदीकाठचा थोडासा भाग मिळे आणि तिथून मागे सुमारे दोन मैल जमीन जाई. काठावर घर, पाणी आणि लाकूड, त्यामागे नांगरलेले शेत, त्यामागे कुरण आणि आणखी मागे गवत कापण्याचा सामायिक हक्क, अशी ती रचना होती. घरे काठाकाठाने जवळजवळ असल्यामुळे हाक मारली तरी शेजारी येई. आपल्याकडेही भावाभावांत वाटणी करताना विहीर किंवा नाला सर्वांच्या वाट्याला यावा म्हणून वावराच्या उभ्या पट्ट्या पाडतात, हे मुले स्वतःच सांगतात. एका वर्षी एका मुलीने उठून पट्टीवर बोट ठेवले आणि ‘हाई आमनं वावर शे’ असे म्हणून घर, विहीर, बांध भराभर काढून दाखवला. त्या दिवशी मला पुढचे स्पष्टीकरण जवळजवळ द्यावेच लागले नाही.

आता पारदर्शक कागदावर चौकोनांची जाळी आखून ती नदीच्या नकाशावर ठेवावी. ही सरकारी मोजणी. पुढे कायम झालेल्या पद्धतीत सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा तालुकावजा चौकोन धरून त्याचे ३६ भाग पाडले जात. प्रत्येक भाग ६४० एकरांचा आणि त्याचा चतुर्थांश म्हणजे १६० एकर एका वसाहतकऱ्याला. प्रत्येक मुलाने आपल्या पट्टीवर जाळीच्या किती रेषा आल्या ते मोजावे. घर एका चौकोनात, नांगरट दुसऱ्यात, गवत तिसऱ्यात, आणि शेजाऱ्याचे अंगण आपल्याच चौकोनात आलेले दिसते. कोणाच्याही दारात माणूस न पाठवता केवळ रेषेने शेत कसे तोडता येते, हे इथे डोळ्यांना दिसते. या कृतीला वीस मिनिटे द्यावीत आणि शिक्षकाने त्या वेळी शक्यतो गप्प राहावे.

मग १८६९ची गोष्ट सांगावी. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीने रुपर्ट्स लँड हा अफाट प्रदेश तीन लाख पौंडांना कॅनडाच्या स्वाधीन करण्याचे ठरवले आणि सुपीक पट्ट्यातील विसावा हिस्सा स्वतःकडे राखला. तिथे राहणाऱ्या लोकांना कोणी विचारले नाही. हस्तांतर पूर्ण होण्याआधीच कॅनडाचे मोजणीदार रेड नदीकाठी दाखल झाले. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी लुई रिएल या पंचविशीच्या उंबरठ्यावरच्या, माँट्रियलला शिकून आलेल्या तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी एका नातलगाच्या कुरणात चाललेली मोजणी साखळीवर पाय देऊन थांबवली. याच ठिकाणी आपल्या मातीतली एक नोंद जोडता येते. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतल्या शेतकऱ्यांनी इंग्रजांच्या महसुली मोजणीविरुद्ध उठाव केला होता आणि तो मोडायला फौज आणावी लागली होती. साम्य मोजणीच्या भीतीपुरते आहे; आपल्याकडे प्रश्न मुख्यतः साऱ्याच्या वाढीचा होता, तिकडे प्रश्न जमीन कोणाची मानायची हाच होता. हा फरक फळ्यावर लिहून ठेवावा, नाहीतर उत्तरपत्रिकांत दोन्ही घटना एकच होऊन बसतात.

मेटींनी हंगामी सरकार स्थापन करून कॅनडाशी वाटाघाटी केल्या आणि १८७० मध्ये मॅनिटोबा कायदा झाला. त्याच्या ३१व्या कलमाने मेटी कुटुंबांच्या मुलांसाठी १४ लाख एकर जमीन राखून ठेवली. मुलांनी टाळ्या वाजवाव्यात असा हा क्षण वाटतो. प्रत्यक्षात पुढची दहा वर्षे नुसती वाटपातच गेली. प्रत्येकाला किती एकर, हे पुन्हा पुन्हा बदलले, याद्या पुन्हा केल्या गेल्या, हिस्से सोडतीने काढले गेले आणि ते बऱ्याचदा कुटुंबाच्या मूळ काठापासून दूर आले. दरम्यान पूर्वेकडच्या ओंटारिओतून वसाहतकरी येत राहिले. १८७२च्या कायद्याने त्यांना दहा डॉलर शुल्कात १६० एकर मिळत होते. १८७० मध्ये मॅनिटोबाच्या सुमारे बारा हजार लोकसंख्येत दहांपैकी आठ जण मेटी होते. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहांत एकही उरला नाही. अनेक कुटुंबे पश्चिमेला, सस्कॅचेवान नदीकाठी निघून गेली आणि तिथे त्यांनी पुन्हा तशाच लांब पट्ट्या आखल्या.

कागदाचा भाग शिकवताना मी वर्गात चिठ्ठ्या वाटतो. सरकारने जमिनीऐवजी ‘स्क्रिप’ नावाचे प्रमाणपत्र देण्याची पद्धत आणली. काही स्क्रिप डॉलरच्या रकमेची असत, १६० किंवा २४० डॉलर, आणि काही तेवढ्याच एकरांची. अर्ध्या मुलांना अशी चिठ्ठी द्यावी आणि सांगावे की जमीन हवी असेल तर जमीन कार्यालय अमुक इतक्या दिवसांच्या प्रवासावर आहे, तिथे स्वतः हजर राहावे लागेल आणि कारभार इंग्रजीत चालेल. आणि दाराबाहेर एक माणूस रोख रक्कम घेऊन उभा आहे. किती जण चिठ्ठी विकतात, ते पाहावे. बहुतेक जण विकतात. मग त्यांना मूर्ख कोणी म्हणू नये, याची काळजी घ्यावी, कारण ज्याच्या घरात हिवाळ्याचे धान्य नाही त्याच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. स्क्रिपचे सट्टेबाज ती वाटत फिरणाऱ्या सरकारी आयोगाच्या तंबूमागोमाग फिरत, आणि जिथे मालकाने स्वतः हजर राहायचे तिथे भलत्याच माणसाला त्याच्या नावाने उभे केल्याचे प्रकारही झाले. १९२१ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती करून अशा स्क्रिपविषयक गुन्ह्यांच्या खटल्याला तीन वर्षांची मुदत घातली गेली; म्हणजे जुन्या फसवणुकीची दारे बंद झाली. अंगठा, साक्षीदार आणि खोटा खरेदीखताचा कागद हे शब्द नंदुरबार-शहादा भागातल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. १९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने तिथल्या भिल्ल आदिवासींनी गेलेल्या जमिनी परत मागितल्या आणि १९७४ मध्ये महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला, एवढा संदर्भ पुरे.

इतके झाल्यावर, तिसऱ्या तासिकेत, रूळ आणावेत. ब्रिटिश कोलंबिया १८७१ मध्ये कॅनडात सामील झाला तो दहा वर्षांत रेल्वे देण्याच्या वचनावर. १८८१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीशी करार झाला. त्यात अडीच कोटी डॉलर, अडीच कोटी एकर जमीन, करमाफी आणि वीस वर्षांची मक्तेदारी असे सर्व काही होते. मार्गाच्या दोन्ही बाजूंना चोवीस मैलांच्या पट्ट्यात एक चौकोन सोडून एक असे विषम क्रमांकाचे भाग कंपनीचे, आणि त्यातला एखादा भाग वसाहतीला योग्य नसेल तर कंपनीला दुसरीकडची चांगली जमीन निवडता येत होती. पारदर्शक जाळीवरचे चौकोन आता मुलांना एकाआड एक रंगवायला सांगावेत.

इथे एक गोष्ट आवर्जून शिकवावी, कारण बहुतेक टिपणांत ती सुटते. मूळ आखणीत रेल्वे उत्तरेकडून, सस्कॅचेवानच्या खोऱ्यातून जाणार होती आणि तिथल्या बातोश या गावाकडच्या मेटींना गाड्यांच्या भाड्याच्या धंद्याऐवजी काही नवा धंदा मिळेल अशी आशा धरता आली असती. कंपनीने मार्ग दक्षिणेला, रिजायना आणि कॅल्गरीवरून नेला. म्हणून रेल्वे मेटींच्या गावांतून गेली आणि तिने गावे चिरडली, असे चित्र रंगवू नये. ती गावांपासून लांबून गेली. तरीही व्यापार, टपाल, बाजार आणि वसाहतकरी यांना ती आपल्याकडे ओढत गेली. डिसेंबर १८७८ मध्ये सेंट पॉलकडून आलेला लोहमार्ग विनिपेगच्या नदीपलीकडे पोहोचला, तेव्हाच दक्षिणेच्या वाटेवरच्या गाड्यांचे दिवस भरले होते. बायसनचे कळपही १८७० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या मैदानातून नाहीसे झाले. शिकार, पेमिकन आणि गाडीचे भाडे हे तिन्ही आधार जवळजवळ एकाच वेळी गेले. फळ्यावरची ती गाडी आता दाखवावी.

रेल्वे नोकरदारांच्या मुलांशी याच ठिकाणी मोकळेपणाने बोलावे. भुसावळ हे जंक्शनमुळे वाढले आणि रेल्वेने खानदेशात हजारो घरे उभी केली, हे खरे आहे आणि ते मान्य करून पुढे जावे. प्रश्न रुळाचा नाही, रुळासोबत जमीन कोणाला मिळाली, कोणाला विचारले गेले आणि मार्ग कोणी ठरवला, हा आहे. हे वाक्य सांगितले की त्या मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण जातो.

१८८५चा संघर्ष लढायांच्या यादीसारखा शिकवू नये. सस्कॅचेवानचे मेटी वर्षानुवर्षे अर्ज पाठवत होते : आमच्या नदीकाठच्या पट्ट्या तशाच मोजा, आमच्या जमिनीचे कागद द्या. काही भागांत पट्ट्या मान्य झाल्या होत्या, इतरत्र चौकोनच. १८८४ मध्ये तिथला मेटी पुढारी गॅब्रिएल द्युमाँ आणि त्याचे साथीदार घोड्यांवरून मोंटानाला गेले आणि तिथे शाळेत शिकवत असलेल्या रिएलला घेऊन आले. २६ मार्च १८८५ रोजी डक लेकला चकमक झाली आणि ९ ते १२ मे या चार दिवसांत बातोश पडले. सुमारे ९०० सैनिकांसमोर मेटींकडे जेमतेम तीनशे माणसे होती आणि शेवटी काहींनी बंदुकीत खिळे आणि खडे भरले. रिएलने शरणागती पत्करली आणि १६ नोव्हेंबर १८८५ रोजी रिजायनामध्ये त्याला फाशी दिली गेली. वर्गाने सरकारी फौजेच्या दोन प्रवासांची तुलना करावी. १८७० मध्ये रेड नदीवर आलेल्या फौजेला मे ते ऑगस्ट एवढा काळ लागला होता. १८८५ मध्ये सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला मार्ग तुटक होता, मधले तुकडे सैनिकांनी थंडीत पायी आणि घसरगाड्यांवरून काटले, तरी ते काही दिवसांत पश्चिमेला पोहोचले. त्या वेळी कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती. फौज नेऊन दाखवल्यामुळे संसदेकडून तिला कर्ज मिळणे सोपे झाले. शेवटचा खिळा ७ नोव्हेंबर १८८५ रोजी क्रेगेलाची येथे ठोकला गेला, म्हणजे रिएलच्या फाशीच्या नऊ दिवस आधी. या दोन तारखा मी कोणतेही भाष्य न करता शेजारी शेजारी लिहितो.

शब्दांबाबत एक सूचना. जुन्या कागदांत ‘हाफब्रीड’ हा शब्द येतो. तो अपमानकारक आहे, म्हणून कागदाचा शब्द म्हणूनच सांगावा आणि स्वतःच्या वाक्यात ‘मेटी’ म्हणावे. तसेच ‘बंड’ हा शब्द विचारपूर्वक वापरावा. आपल्या जुन्या गॅझेटियरमध्ये भिल्लांच्या प्रतिकारालाही ‘बंड’ म्हटले आहे आणि तो शब्द कोणाच्या बाजूने लिहिला गेला, हे मुलांना विचारता येते. ‘रिकामी जमीन’ हा शब्दप्रयोग तर वर्गातून बाहेरच ठेवावा.

१८८५ नंतरचा भाग थोडक्यात पण नक्की सांगावा. जमीन गेलेली अनेक कुटुंबे सरकारने भावी रस्त्यांसाठी चौकोनांच्या कडेला सोडलेल्या पट्ट्यांवर झोपड्या बांधून राहिली. लोक त्यांना रस्त्याकडेचे लोक म्हणत. ही पट्टी मोजणीच्या एका साखळीएवढी, म्हणजे ६६ फूट, किंवा दीड साखळी रुंद असे. जी साखळी १८६९ मध्ये त्यांनी पायाखाली धरली होती, तिच्याच रुंदीत त्यांच्या नातवंडांचे घर बसवावे लागले. मालमत्तेचा कर भरत नाहीत म्हणून अनेक ठिकाणी त्यांच्या मुलांना शाळेत घेतले जात नसे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मॅनिटोबातील सेंट मॅडलीन या मेटी वस्तीतील घरे सार्वजनिक कुरणासाठी जाळण्यात आली. अल्बर्टा प्रांताने १९३८ मध्ये कायदा करून मेटींसाठी स्वतंत्र वसाहती राखल्या. त्यांपैकी आठ आजही आहेत. १९८२च्या संविधानाने मेटींना आदिवासी समाजांत गणले. ३१व्या कलमाचा दावा १९८१ मध्ये दाखल झाला आणि २०१३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्या कलमातील जमीनवाटपाचे वचन सरकारने प्रतिष्ठेला साजेसे पाळले नाही, असे जाहीर केले. न्यायालयाने जमीन परत दिली नाही. वचन मोडल्याची नोंद केली. मुले विचारतात, मग मिळाले काय. या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. त्यानंतर समाज आणि सरकार यांच्यात बोलणी सुरू झाली, एवढे सांगून प्रश्न वर्गाकडेच ठेवावा.

गृहपाठ म्हणून प्रत्येक मुलाने घरच्या वावराचा सातबारा आणि गटनकाशा आणावा, आणि ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी आजी-आजोबांना विचारून कधी होती का आणि कशी गेली ते लिहून आणावे. एका मुलाने लिहून आणले होते की आजोबांना फक्त एवढेच आठवते की कागदावर काळी शाई लावलेला अंगठा टेकवला होता आणि घरी येईपर्यंत तो पुसला गेला नव्हता. गटनकाशावर मुलांनी आपल्या शेताच्या रेषा निळ्या पेनाने भराव्यात आणि ज्या रेषा नंतर कोणी मोजून टाकल्या त्या लाल पेनाने.